जुन्या पिकअप मालमोटारीचे ब्रेक : सुधारणा आणि साक्ष

मुळा-मुठेवरील फिट्झजेराल्ड पूल १८६९ साली तयार झाला, त्या काळी तो ओलांडून येरवड्याकडे जाणारी वाहने म्हणजे बैलगाड्या, टांगे आणि बग्ग्या एवढीच होती. आज त्याच्या शेजारच्या पुलावरून नगर रस्त्याकडे लोटणारी वाहतूक पाहिली, तर दीडशे वर्षांत या वाटेवर काय बदलले याचे उत्तर बहुतेक जण 'वेग' या एका शब्दात देतील. हे उत्तर चूक नाही. अपुरे मात्र आहे. वेग निर्माण करणे हे इंजिनाचे काम होय, परंतु तो वेग भर रस्त्यावर वापरता येणे हे ब्रेकवर अवलंबून असते. जेवढे थांबविता येईल तेवढेच पळविता येते, ही गोष्ट गाडीवानाला ठाऊक होती आणि मोटार चालविणारालाही ठाऊक असते. वाहनांचा इतिहास लिहिणारांनी मात्र अश्वशक्तीचे आकडे आणि बॉडीचा डौल यांपलीकडे फारसे पाहिलेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तसा लहान आहे. मागे उघडा हौदा असलेल्या ज्या लहान मालमोटारींना आपण पिकअप म्हणतो, त्यांपैकी पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या काही गाड्या हौशी मालकांनी व संग्राहकांनी जपल्या आहेत. त्या आजच्या रहदारीत आणावयाच्या तर त्यांचे ब्रेक सुधारावे लागतात. आणि ब्रेक सुधारले की गाडी 'मूळ' राहत नाही. या पेचाकडे केवळ मिस्त्रीच्या किंवा केवळ संग्राहकाच्या दृष्टीने न पाहता इतिहासाच्या अभ्यासकाने कसे पाहावे, याचा येथे विचार करावयाचा आहे. येरवड्याच्या टेकाडावर १८६८ पासून उभ्या असलेल्या डेक्कन कॉलेजात डॉ. सांकलियांसारख्या संशोधकांनी खापराच्या तुकड्यांना बोलते केले. त्याच परिसरात मोटारीच्या घासलेल्या ब्रेक-शूला साक्षीदार मानण्यात काही विपरीत वाटू नये.

प्रथम ब्रेकचे कार्य नेमके काय ते पाहू. ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी ६० ने जाऊ लागली की ब्रेकला दुप्पट नव्हे, चौपट काम पडते. घाटाचा हिशेब याहून निराळा व अधिक कठोर आहे. खंडाळ्याहून खोपोलीस उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. भरलेली पिकअप २ टनांची धरली, तर या उतारावर जी ऊर्जा जिरवावी लागते ती जवळजवळ ९८ लाख जूल भरते. तीच गाडी सपाटीवर ताशी ६० किलोमीटर वेगातून एकदा पूर्ण थांबविण्यास सुमारे २ लाख ७८ हजार जूल जिरवावे लागतात. म्हणजे एक घाट उतरणे हे अशा पस्तीस थांबण्यांच्या बरोबरीचे झाले. चारही ड्रमांचे मिळून ४० किलो बीड धरले आणि सगळी उष्णता त्यातच साठली असे मानले, तर ड्रमाचे तापमान पाचशे अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वाऱ्याने ड्रम निवतात आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला ओढून धरते. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर' हा जुन्या चालकांचा दंडक या हिशेबाचेच व्यवहारी रूप होय.

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्या रस्त्यावरील बैलगाडीला उतारावर आवरावयाचे साधन म्हणजे चाकाच्या धावेवर दाबून धरलेले लाकूड. इंग्लंडातही प्रकार फारसा वेगळा नव्हता. डर्बीशायरच्या टेकड्यांत घोडागाडीच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचा तळवा ठोकलेला हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने पाहिला आणि घर्षणासाठी स्वतंत्र पदार्थ असावा ही कल्पना त्याला सुचली. १८९७ साली त्याने जो उद्योग काढला त्यातून पुढे 'फेरोडो' हे नाव जगभर गेले. पुढे या अस्तरात ॲस्बेस्टॉस आले आणि दीर्घकाळ टिकले. आपल्याकडे मिस्त्री ज्याला 'लायनर' म्हणतात तो हाच. जुन्या गाडीचा ड्रम उघडताना आतील भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ओली करून पुसून काढावी, हे येथेच सांगितलेले बरे. त्या भुकटीतील तंतू फुप्फुसात गेले तर निघत नाहीत.

१९०२ साली लुई रेनॉ याने ड्रमाच्या आत शू फाकविणारा ब्रेक आणला आणि त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टर याने तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कल्पनांपैकी पहिली पन्नास वर्षे राज्य करीत राहिली आणि दुसरी वाट पाहत राहिली. प्रारंभी ब्रेक फक्त मागील चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी उलथेल अशी भीती होती. ती १९२० नंतरच्या दशकात ओसरली. पेडलपासून चाकापर्यंत दाब पोचविण्याचे काम लोखंडी सळ्या किंवा तारा करीत. चारही सळ्या सारख्या ताणात ठेवणे हे कौशल्याचे काम होते. एक चाक आधी धरले की गाडी त्या बाजूस ओढली जाई. ५ मे १९३० रोजी कराडी येथे अटक केल्यावर गांधीजींना आगगाडीने बोरिवलीपर्यंत आणि तेथून मोटारीने येरवड्याच्या तुरुंगात आणण्यात आले. त्या अटकेसंबंधी विपुल लिहिले गेले आहे. बोरघाट चढून आलेल्या त्या मोटारीच्या यंत्ररचनेविषयी कोणी विचारलेले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. परंतु राजकीय इतिहासाच्या खाली रस्त्यांचा आणि यंत्रांचा असा एक थर सतत असतो, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

सळ्यांच्या जागी द्रव आणण्याचे श्रेय माल्कम लॉकहीड याच्याकडे जाते; त्याचे पेटंट १९१७ चे. बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कालचा सतराव्या शतकातील सिद्धान्त येथे रस्त्यावर उतरला. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग आणि १९२४ मध्ये क्रायस्लर या गाड्यांनी चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक दिले. शेव्हरोलेने १९३६ साली ते स्वीकारले. फोर्ड मात्र १९३९ पर्यंत अडून बसला. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच विश्वासार्ह, असे त्याच्या जाहिराती सांगत. या हट्टाला हसण्याची पद्धत आहे, पण तो अगदीच निराधार नव्हता. सळी तुटली तर एक चाक जाते. एकेरी मंडलाच्या द्रवदाब ब्रेकमध्ये एक नळी फुटली की चारही चाके जातात. फोर्डच्या शंकेला खरे उत्तर मिळण्यास दुहेरी मास्टर सिलिंडर यावा लागला, आणि अमेरिकेत मोटारींना तो कायद्याने आवश्यक झाला तो १ जानेवारी १९६८ पासून. मधली तीस वर्षे जगातील बहुसंख्य वाहने एका नळीच्या भरवशावर धावली.

या द्रवाला आपल्याकडे 'ब्रेक ऑइल' म्हणतात. आजचा द्रव तेल नव्हे. तो ग्लायकॉलवर्गीय आहे, आणि नाव ऐकून कोणी त्यात खरोखरीचे खनिज तेल ओतले तर आतील रबरी वॉशर फुगून ब्रेक निकामी होतात. तथापि हे नाव इतिहासदृष्ट्या खोटे नाही. प्रारंभीच्या काळात अल्कोहोल व एरंडेल यांचे मिश्रण या कामी वापरले जात असे. शब्दाने जुनी वस्तू धरून ठेवली आणि वस्तू बदलून गेली. आजच्या द्रवाचा दोष असा की तो हवेतील ओलावा शोषतो. 'डॉट ३' प्रतीचा कोरडा द्रव २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीस टेकते. कोकणातील एक पावसाळा काढलेली गाडी द्रव न बदलता घाटात नेणे म्हणजे काय, हे यावरून कळेल.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांच्या गाड्या व मालमोटारी बाहेर पडू लागल्या. १९४५ साली निघालेल्या महिंद्रांच्या कंपनीने विलिस जीप आणली आणि पुढे त्याच घराण्यातील पिकअपही. महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांची भर पडली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर (आजचे अहिल्यानगर) आणि पुणे यांच्या दरम्यान धावली, ती बेडफर्ड बनावटीची. अशा रीतीने स्वातंत्र्याच्या सुमारास आमच्या रस्त्यांवर अमेरिका आणि इंग्लंड या दोन देशांच्या ब्रेकपद्धती एकत्र नांदू लागल्या.

त्यानंतर जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९५३ च्या सुमारास सरकारने असे धोरण ठरविले की, देशात निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी आवरते घ्यावे. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. गाड्या मात्र धावतच राहिल्या. मालवाहतूक करणारा मनुष्य कंपनी गेली म्हणून गाडी मोडीत काढीत नाही. आयात अवघड, सुटे भाग दुर्मिळ. तेव्हा शेव्हरोलेला जीपचे, फार्गोला आणखी कशाचे तरी भाग जुळवून बसविण्याची विद्या येथील गॅरेजांत वाढली. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात फिरणाराला या विद्येचे अवशेष आजही दिसतील. अमेरिकेत जुन्या पिकअपचे ब्रेक सुधारणे हा निवृत्तांचा छंद आहे. आमच्याकडे ती पोटापाण्याची गरज होती, आणि ती सुधारणा करणाराने आपण इतिहास बदलीत आहोत असा विचार क्षणभरही केला नसेल.

म्हणून 'मूळ स्थिती' हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. समजा, १९४८ च्या एखाद्या पिकअपचा ड्रम उघडला. आत १९५१ नंतरचे बेंडिक्स पद्धतीचे शू निघाले. शेव्हरोलेने आपल्या मालमोटारींत १९५० पर्यंत हक पद्धतीचे शू वापरले आणि १९५१ मध्ये बेंडिक्स स्वीकारले, हे ज्ञात आहे. बेंडिक्समध्ये एक शू फिरत्या ड्रमाबरोबर ओढला जाऊन दुसऱ्याला दाबतो, त्यामुळे त्याच पायाच्या जोराने अधिक रोध मिळतो. तेव्हा हे शू नंतर कोणी तरी बसविले हे उघड आहे. संग्राहक म्हणेल, हे मूळ नव्हे, काढून टाका. इतिहासकाराने विचारावे : हे कधी बसले, का बसले, कोणत्या ओझ्यासाठी बसले? उत्खननात वरचा थर खालच्या थराहून नवा म्हणून फेकून देत नाहीत. कारखान्यातून निघालेल्या दिवशीची गाडी हा तिच्या आयुष्याचा एकच दिवस होय; उरलेली चाळीस वर्षे तिने ज्वारीची पोती वाहिली, त्यांची साक्ष या बदललेल्या शूमध्ये आहे.

तथापि याच युक्तिवादाने आजची सुधारणाही आपोआप समर्थनीय ठरत नाही. तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे चुकीची किंमत मालकच नव्हे तर रस्त्यावरील परका मनुष्य देतो.

पहिली आणि सर्वांत निर्विवाद सुधारणा म्हणजे एकेरी मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी बसविणे. तिने गाडीचे रूप बदलत नाही आणि एक मंडल फुटले तरी दुसरे उरते. दुसरी, ड्रम मोठा करणे. विलिस जीपचे ड्रम ९ इंची, तर त्याच घराण्यातील पिकअपचे ११ इंची होते. जीपला पिकअपचे ब्रेक बसविण्याची जुनी चाल यातूनच निघाली. ती त्याच काळातील, त्याच कुळातील सुधारणा आहे. तिसरी म्हणजे पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक देणे. १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वारने ते सिद्ध केले आणि १९५५ मध्ये सिट्रोएनच्या नव्या गाडीत ते पुढच्या चाकांना आले. तबकडी उघड्यावर असल्याने लवकर निवते आणि पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते. परंतु तिच्यात शू ओढला जाऊन आपोआप जोर वाढण्याचा गुण नाही; तेव्हा अधिक दाब लागतो, आणि त्यासाठी इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर जोडावा लागतो. जुन्या पिकअपचा मास्टर सिलिंडर बहुधा पायाखाली, फळीच्या तळाशी असतो. तो तबकडीच्या पातळीहून खाली असल्याने द्रव मागे ओघळतो. तो थोपविण्यास नळीत लहानसा दाब राखणारी झडप लागते, आणि मागच्या ड्रमांना लागणारा राखीव दाब याहून बराच अधिक असतो. दोहोंना एकच झडप लावली की एक तर पुढचे ब्रेक घासत राहतात किंवा मागचे उशिरा लागतात.

पिकअपची आणखी एक अडचण साध्या मोटारीला नसते. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो. हौदा रिकामा असेल तर मागची चाके इतकी हलकी होतात की ती घसरतात व गाडी आडवी फिरते. हौदा भरलेला असेल तर त्याच मागच्या चाकांकडून भरपूर काम घेता आले असते. पुढचे ब्रेक जोरदार करून मागच्यांचा दाब कमी केला की रिकामी गाडी सावरते आणि भरलेली गाडी उणी पडते. मूळ रचनाकाराने जो समतोल साधला होता तो चांगला असेल वा वाईट, पण त्याने तो ओझे गृहीत धरून साधला होता. आज ही गाडी पोती वाहणार नाही, प्रदर्शनाला जाणार आहे. म्हणजे सुधारणेबरोबर गाडीचा धर्मही बदलतो.

बूस्टरविषयी अधिक बोलले पाहिजे. १९२७ च्या सुमारास बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र याच्या कल्पनेतून निर्वातावर चालणारा साहाय्यक ब्रेक प्रचारात आला. त्याने पायाचे श्रम कमी केले, परंतु ब्रेकला इंजिनाचे आश्रित करून टाकले. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले गेले. नंतरच्या तपासणीतून उतारावर इंजिन बंद ठेवल्याची बाब पुढे आली. त्या वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबाचे असतात, पिकअपचे निर्वाताचे. पण इंजिन बंद झाले की साठा संपेपर्यंतच साहाय्य उरते, हे दोहोंस सारखेच लागू आहे. इंधन वाचविण्यासाठी 'न्यूट्रल'मध्ये उतार उतरण्याची सवय एरवीही घातक, कारण इंजिनाची ओढ नाहीशी होऊन घाटाचा सगळा हिशेब ब्रेकवर पडतो. इंजिनच बंद केले तर त्या ब्रेकचे बळही जाते. बूस्टर नसलेल्या १९४८ च्या पिकअपला निदान हा दुसरा धोका नव्हता. तिचा पेडल जड असे, पण इंजिन चालू असो वा बंद, सारखाच जड असे. सुधारणा नेहमी जुना दोष घालवून नवे अवलंबन आणते, हे येथे स्वच्छ दिसते. एका पिढीच्या चालकाच्या अंगवळणी पडलेले शहाणपण दुसऱ्या यंत्रावर निरुपयोगी किंवा घातक ठरू शकते, आणि वाहनांच्या इतिहासात यंत्राबरोबर चालकाच्या सवयींचा इतिहासही लिहिला पाहिजे तो याचसाठी.

कायद्याची स्थितीही पाहण्याजोगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२ वे कलम वाहनातील मनमानी बदलांना आळा घालते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांच्या नोंदणीक्रमांकासाठी 'व्हीए' ही अक्षरे ठरविली. ही वाहने मूळ रूपात राखलेली असावी असा दंडक आहे. मोठा फेरफार कोणता हे सांगताना शासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख होतो. ब्रेकचा नाही. ही उणीव म्हणावी की शहाणपण? प्रस्तुत लेखकास ते शहाणपण वाटते, मग ते हेतुतः असो वा नसो. ज्या अवयवावर परक्याचा जीव अवलंबून आहे तो अवयव गोठवून ठेवण्याचा आग्रह धरता येत नाही.

ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघाने २०१२ साली तुरीन येथे स्वीकारलेली सनद या बाबतीत मार्गदर्शक आहे. वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद झाली तिच्या धर्तीवर ही रचली आहे. रहदारी वा सुरक्षितता यांसाठी बदल करावाच लागला तर तो मूळ रचनेचा व रूपाचा मान राखून, शक्यतो पुन्हा काढता येईल असा करावा, आणि काढलेला महत्त्वाचा भाग वाहनाबरोबर जपून ठेवावा, असा तिचा आशय आहे. म्हणजे शासीला नवी भोके पाडून, वेल्डिंग करून बसविलेली तबकडी आणि मूळ भोकांत बोल्टने बसविलेली तबकडी यांत ब्रेक म्हणून फरक नसला तरी जतन म्हणून मोठा फरक आहे. या कसोटीवर दुहेरी मास्टर सिलिंडर उत्तीर्ण होतो आणि मोठे ड्रम सहज उत्तीर्ण होतात. तबकडी व बूस्टर यांची परीक्षा गाडीगणिक घ्यावी लागेल. नुसत्या मिरवणुकीसाठी निघणाऱ्या गाडीला त्यांची गरज क्वचित असते, बोरघाट उतरणाऱ्या गाडीला ती असू शकते.

आपल्याकडे उणीव आहे ती नोंदीची. मिस्त्रीचे काम तोंडी चालते. कोणता भाग कोठून आला हे त्याच्या स्मरणात असते आणि त्याच्याबरोबर जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. जुनी पिकअप उघडली जात असेल तेथे वही घेऊन बसावे. ड्रमाचा व्यास आणि झीज मोजावी, शूवरील ओतीव अक्षरे उतरून घ्यावी, लायनर रिव्हेटने बसविले आहेत की चिकटविले आहेत ते पाहावे, नळीचे जोड इंची आटांचे की मिलिमीटरचे हे लिहावे. एकाच गाडीत दोन्ही प्रकारचे आटे निघाले तर दुरुस्तीचे दोन काळ वेगळे करण्याचा तो पहिला धागा होय. मिस्त्रीचे शब्द त्याच्याच तोंडचे ठेवावे : 'हवा काढणे', 'पंप मारणे', 'किट टाकणे'. काढलेला एकेरी मास्टर सिलिंडर भंगारात न घालता, तारीख, गाडीचा शासी-क्रमांक आणि काढण्याचे कारण लिहिलेली पत्र्याची चकती त्याला तारेने बांधून, तो हौद्याखालच्या पेटीत ठेवून द्यावा.